पळवाट सापडली, वापरली; तो रडीचा डाव झाला का?

ऑक्टोबर २०१६ मध्ये 'सिव्हिलायझेशन ६' हा राज्य उभारण्याचा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि थोड्याच दिवसांत लोकांनी त्यात घोडेबाजार मांडला. या गेममध्ये तोमिरिस राणीचं सिथिया नावाचं राज्य आहे. हलक्या घोडदळाची एक तुकडी तयार केली की दुसरी फुकट मिळते, ही या राज्याची खासियत. शिवाय त्या वेळी सगळ्याच राज्यांना एक सोय होती: नको असलेली तुकडी मोडीत काढली की तिच्या बदल्यात सोनं मिळायचं. दोन्ही नियम आपापल्या जागी निरुपद्रवी, पण एकत्र आले की टांकसाळ. एक तुकडी बनवा, दोन पदरात पाडून घ्या, दोन्ही मोडा, आलेल्या सोन्यातून शहरात हवी ती इमारत घ्या आणि पुन्हा घोडे. शेजाऱ्याशी लढण्याचीही गरज नाही. गेम बनवणाऱ्या फिराक्सिसने लवकरच पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, काढला आणि तुकडी मोडल्यावर सोनं देणंच बंद करून टाकलं.

पॅच येण्याआधी ज्यांनी हे केलं, त्यांनी चीटिंग केली का?

या प्रश्नावर वाद सुरू झाला की दोन बाजू ठरलेल्या. एक म्हणते, गेमनेच करू दिलं ना? मग झालं तर. दुसरी म्हणते, बनवणाऱ्याच्या मनात हे नव्हतं; त्याच्या नजरचुकीवर जिंकणं म्हणजे चीटिंगच. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पहिली बाजू यंत्राकडे बोट दाखवते, दुसरी निर्मात्याकडे. पण फसवणूक व्हायची तर कुणीतरी माणूस फसावा लागतो. समोर कोण बसलंय, तो काय समजून खेळायला बसलाय, आपण त्याला काय सांगितलंय किंवा त्याच्यापासून काय लपवलंय, इथून सुरुवात केली की बरीचशी प्रकरणं सुटतात. काही मात्र तरीही अडून राहतात, त्यांच्याकडेही वळूच.

आधी 'चीटिंग' या एका नावाखाली कोंबलेल्या गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून 'एज ऑफ एम्पायर्स' खेळलेल्या पिढीला चीट कोड म्हणजे काय हे सांगायला नको. १९९७ च्या पहिल्या भागात 'बिगडॅडी' टाइप करून एंटर मारलं की भाले-तलवारींच्या जमान्यात रॉकेट डागणारी मोटारगाडी उभी राहायची. १९९९ च्या दुसऱ्या भागात 'रॉबिन हूड' लिहिलं की हजार सोनं, 'लंबरजॅक' लिहिलं की हजार लाकूड, 'मार्को' लिहिलं की सगळा नकाशा उघडा. हे कोड कुणी गेम फोडून काढलेले नव्हते, गेम बनवणाऱ्या एन्सेम्बल स्टुडिओजने स्वतःच आत ठेवले होते. म्हणजे निर्मात्याची पूर्ण संमती, आणि तरी नाव 'चीट'. निर्मात्याचा हेतू हाच निकष धरणाऱ्यांची इथेच पहिली पंचाईत होते.

दुसरा प्रकार हॅकचा. गेमच्या बाहेरचं सॉफ्टवेअर लावून शत्रूचा मुलूख झाकणारं गेममधलं धुकं काढायचं, म्हणजे मॅपहॅक. किंवा नेमबाजीच्या गेममध्ये बंदूक आपोआप शत्रूवर रोखली जाईल असं करायचं. २०१८ मध्ये शांघायच्या एका 'काउंटर-स्ट्राइक' स्पर्धेत एका भारतीय संघातल्या खेळाडूच्या कॉम्प्युटरवर असा प्रोग्राम सापडला. फाइलला नाव दिलं होतं 'वर्ड डॉट एक्सई'. संघ स्पर्धेतून बाहेर गेला आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. यावर चर्चा करण्यासारखं काही नाही. ज्या फाइलचं नाव बदलून ठेवावं लागतं, तिच्याबद्दल ठेवणाऱ्याच्या मनातही शंका नसते.

खरा प्रश्न तिसऱ्या प्रकारात आहे. बाहेरचं काही आणलेलं नाही, कोड टाइप केलेला नाही. गेमने दिलेली बटणंच दाबली, फक्त अशा क्रमाने दाबली की निर्मात्याने कधी कल्पना केली नसेल. याला गेमर मंडळी 'एक्सप्लॉइट' म्हणतात. आपल्यासाठी पळवाट.

पळवाटांचा सगळ्यात समृद्ध इतिहास कुठे असेल तर तो 'स्टारक्राफ्ट'मध्ये. १९९८ साली हा गेम आणि त्याचा 'ब्रूड वॉर' हा जोडभाग आला, आणि दक्षिण कोरियात तो टीव्हीवर दाखवला जाणारा, पगारी खेळाडूंचा खेळ झाला. या गेममध्ये एका वेळी जास्तीत जास्त १२ युनिटं निवडता येतात. झर्ग जमातीकडे म्युटालिस्क नावाचा उडणारा प्राणी आहे. अकरा म्युटालिस्क निवडून हलवले की ते एकमेकांपासून अंतर ठेवत, पसरून जातात. पण त्याच निवडीत बारावा म्हणून नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असलेला एखादा ओव्हरलॉर्ड (झर्गचाच दुसरा उडणारा प्राणी) घेतला, तर गेमचा हिशेब बदलतो. निवडलेली युनिटं एकमेकांपासून फार लांब असतील तर रांग-रचना सांभाळायची नाही, सगळ्यांना सरळ एकाच बिंदूकडे पाठवायचं, असा त्याचा आतला नियम आहे. परिणाम असा की अकराच्या अकरा म्युटालिस्क एकावर एक येऊन बसतात. पडद्यावर दिसतो एकच. समोरच्याला ते मोजता येत नाहीत, त्यातला जखमी वेचून मारता येत नाही, आणि अकरांचा मारा एका क्षणात एकाच सैनिकावर पडतो. सैनिक मेला, थवा मागे फिरला, पुन्हा आत आला. हे नीट करायला बोटांचा विलक्षण सराव लागतो.

गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने असं काही ठरवून बनवलं होतं याची कुठलीच खूण नाही. युनिटं हलवण्याच्या गणिताचा तो एक आडपरिणाम. पण कोरियातल्या लीगमध्ये हे तंत्र इतकं मुरलं की त्याच्याशिवाय झर्ग खेळणं म्हणजे एक हात बांधून खेळणं झालं. समोरच्या, टेरन ही दुसरी जमात घेऊन खेळणाऱ्यांनीही उत्तरं शोधली: तोफांची जागा बदलली, वैद्यकीय युनिटं सोबत ठेवली, सैनिकांची हालचाल सुधारली. २०१७ मध्ये ब्लिझार्डने हाच गेम नव्या चित्रांसह 'रिमास्टर्ड' म्हणून काढला, तेव्हा खेळाच्या यंत्रणेला हात लावला नाही. म्युटालिस्क आजही एकावर एक बसतात. त्या दिवशी कुणी ती 'चूक' दुरुस्त केली असती, तर जुन्या खेळाडूंनी आमचा खेळच मोडला म्हणून आकांत केला असता, आणि ते बरोबर ठरले असते.

आता त्याच गेममधली दुसरी पळवाट बघा. टेरन जमातीचं व्हल्चर हे वाहन जमिनीत सुरुंग पेरतं. शत्रू जवळ आला की सुरुंग आपणहून बाहेर येतो आणि त्याच्यावर जाऊन फुटतो. गेममध्ये कोण मित्र, कोण शत्रू हे ठरवायचा एक मेनू आहे, तो अनेकजणांच्या सामन्यांसाठी. काहींच्या लक्षात आलं की एकास एक सामन्यात प्रतिस्पर्ध्यालाच क्षणभर 'मित्र' करून टाकलं तर आपले सुरुंग त्याच्यावर उठत नाहीत. त्याचं सैन्य पेरलेल्या जमिनीच्या मधोमध येऊ द्यायचं आणि मग मैत्री तोडायची, की सगळे सुरुंग एकदम उसळतात. स्पर्धांनी यावर बंदी घातली.

दोन्ही पळवाटा निर्मात्याच्या मनात नसलेल्या, दोन्ही गेमच्या आतल्या, कुणालाही वापरता येतील अशा. तरी एकीला डोक्यावर घेतलं आणि दुसरीला हाकललं. का? म्युटालिस्कची युक्ती त्या द्वंद्वाच्या आतच राहते. तिला सराव लागतो, तिच्यावर उतारा शोधता येतो, आणि ती आल्यानंतर सामन्यांत आधीपेक्षा जास्त खेळ दिसू लागला. सुरुंगाची युक्ती मात्र द्वंद्वाच्या बाहेरचं हत्यार आत आणते. दोघं समोरासमोर लढायला बसले आहेत, आणि एकजण मेनूत जाऊन 'आपण मित्र आहोत' असं गेमला खोटंच सांगतो. सामन्याला बसताना दोघांनी जे गृहीत धरलं होतं, तेच तो पायाखालून काढून घेतो. नियमपुस्तकात बंदी लिहायला काही वेळ गेला असेल, पण ज्यांनी खेळ जवळून पाहिला होता त्यांना फरक कळायला फार वेळ लागला नसणार.

या दोन टोकांच्या मधलं उदाहरण 'डोटा २'चं. ऑगस्ट २०१३, सिएटल, 'द इंटरनॅशनल' ही स्पर्धा, एकूण बक्षिसं २८ लाख डॉलरहून जास्त. युक्रेनचा संघ नावी विरुद्ध चीनचा टोंगफू, निर्णायक तिसरा गेम. नावीकडे पज हा हिरो, म्हणजे खेळाडू चालवतो ते पात्र, होता. तो साखळीचा आकडा फेकतो आणि ज्याला लागेल त्याला स्वतःकडे ओढून आणतो. त्यांच्याकडेच चेन हा दुसरा हिरो होता, जो आपल्या सोबत्याला थेट घरच्या कारंज्यापाशी पाठवू शकतो. कारंजं म्हणजे संघाचा तळ. तिथे शत्रू आला तर काही क्षणांत मरतो. नावीने दोन्ही एकत्र केलं. चेनने पजला घरी पाठवायची तयारी केली आणि अगदी त्याच सुमारास पजने आकडा फेकला. आकडा शत्रूला लागला, तोवर पज कारंज्यापाशी पोहोचला होता. आकडा परत येतो तो पज जिथे आहे तिथे, म्हणून शत्रूचा हिरो अख्खा नकाशा ओलांडून थेट कारंज्यात येऊन पडला. हे त्या सामन्यात पुन्हा पुन्हा झालं, नावी जिंकले आणि वाद पेटला. जिंकणाऱ्यांचं कौतुक करावं की त्यांना बोल लावावा, यावर डोटा खेळणाऱ्यांत उभी फूट पडली.

माझं मत स्पष्ट आहे: ती चीटिंग नव्हती. ही जोडगोळी जाणकारांना आधीपासून माहीत होती. सामन्याआधी हिरो निवडताना पज आणि चेन दोघं एकाच संघाकडे जाताना सगळ्यांना दिसत होते, आणि समोरच्याला त्यातला एक बाद करायची सोयही होती. युक्ती साधायला दोन खेळाडूंची वेळ सेकंदाच्या अंशाने जुळावी लागते. सगळं उघड्यावर, हजारो प्रेक्षकांसमोर. पुढे गेम बनवणाऱ्या वॉल्व्हने बदल करून आकडा असा परत येणं बंद केलं. तेही बरोबरच, कारण त्या युक्तीवर सततचा उतारा अवघड होता. पण नियम नंतर बदलला म्हणून आधीचा विजय नासत नाही. लोक बहुतेक वेळा इथेच घोळ करतात. 'पॅच आला म्हणजे ती चूक होती, चूक होती म्हणजे तुम्ही चीटिंग केली', ही साखळी मधल्या कडीपाशी तुटते.

याच्या अगदी उलट प्रकरण २०२० चं. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये संघाच्या प्रशिक्षकाला सामना बघता येतो, पण फक्त आपल्या खेळाडूंच्या नजरेतून. एका बगमुळे, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीमुळे, काही वेळा प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावरच्या एखाद्या जागी अडकून पडायचा, आणि तिथून शत्रूच्या हालचाली दिसायच्या. काहींनी लगेच सांगितलं किंवा बाहेर पडून पुन्हा आत आले. काही मात्र गप्प बसून बघत राहिले. ई-स्पोर्ट्समधल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या 'एसिक' या संस्थेने जुने सामने तपासले आणि सप्टेंबर २०२० मध्ये ३७ प्रशिक्षकांवर बंदी घातली. बंदी किती काळ, हे बग किती वेळ वापरला यावर ठरलं. ज्यांनी आपणहून कबुली दिली त्यांना सवलत मिळाली.

त्यांनी कुठलंही सॉफ्टवेअर घातलं नव्हतं. गेमनेच त्यांना तिथे नेऊन ठेवलं होतं. 'गेमने करू दिलं' हा युक्तिवाद खरा असता तर ते सगळे निर्दोष. पण समोरच्या पाच खेळाडूंना ठाऊकच नव्हतं की आपल्याला वरून कुणी बघतंय. त्यांना ते ओळखायची, टाळायची, उलटवायची कसलीच संधी नव्हती. नावीच्या आकड्यात आणि या कॅमेऱ्यात हाच फरक आहे, आणि माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा फरक आहे. पळवाट उघड्यावर वापरली की तिच्यावर निदान भांडता येतं. लपवून वापरली की समोरचा एका खेळात असतो आणि आपण दुसऱ्याच.

क्रिकेट बघणाऱ्याला हा झगडा नवा नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला विनू मांकड यांनी चेंडू टाकता टाकता थांबून, क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राऊनला धावबाद केलं. नियमात बसणारी गोष्ट, तरी मांकड यांच्या नावाला कित्येक दशकं बट्टा लावला गेला. खुद्द ब्रॅडमन यांनी मांकड यांची बाजू घेतली होती, त्याचा उपयोग झाला नाही. ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने हा प्रकार 'अयोग्य खेळ' या कलमातून उचलून साध्या 'धावबाद'च्या कलमात नेऊन ठेवला. कृती तीच राहिली, बदलला तो खेळणाऱ्यांमधला करार, आणि तोही पंचाहत्तर वर्षांनी. व्हिडिओ गेममध्ये हाच प्रवास कधी कधी पंधरा दिवसांत उरकतो, म्हणून तो जास्त गोंधळाचा वाटतो.

हेतूच्या निकषाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण तिच्यात आपल्या गांधीजींचा संबंध आहे. 'सिव्हिलायझेशन'मध्ये गांधी अणुबॉम्ब टाकतात, ही गेमर जगातली गाजलेली आख्यायिका. पहिल्या भागात गांधींचा आक्रमकपणा सर्वांत कमी, म्हणजे १ होता. लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून २ वजा झाले, आणि शून्याखाली न जाता आकडा उलटा फिरून २५५ झाला, असं छातीठोकपणे सांगितलं जायचं. २०२० मध्ये गेमचे जनक सिड मायर यांनी स्वतः सांगितलं की असा बग नव्हताच. पण २०१० च्या पाचव्या भागात मात्र गांधींच्या अणुबॉम्ब वापरण्याच्या कलाला मुद्दाम मोठा आकडा दिला गेला होता. म्हणजे कधी नसलेल्या चुकीची कथा पुढे जाणूनबुजून केलेली रचना होऊन बसली. निर्मात्याच्या मनात काय होतं हे ओळखण्याचा आपला आत्मविश्वास किती पोकळ असतो ते यातून कळतं. त्या आत्मविश्वासावर दुसऱ्याला चीटर ठरवणं मला पटत नाही.

आतापर्यंत सगळं दोन माणसांबद्दल झालं. घरी एकट्याने कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना काय?

'सिव्हिलायझेशन ५' मध्ये एक युक्ती अनेकांनी वापरली आहे. आपल्याकडचं रेशीम किंवा मसाले कॉम्प्युटरच्या राज्याला ३० खेळींसाठी द्यायचे आणि बदल्यात २४० सोनं रोख घ्यायचं. पुढच्याच खेळीत त्याच्यावर युद्ध पुकारायचं. युद्ध लागलं की करार रद्द, माल आपल्याकडे परत, सोनं मात्र खिशात. पुढे २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या जोडभागापासून जाहीर मैत्री असल्याशिवाय एकरकमी सोनं मिळेनासं झालं. ज्या कॉम्प्युटरला आपण असं लुटलं त्याला वाईट वाटलं नाही, त्याची रात्रीची झोप गेली नाही. तिथे चीटिंग हा शब्दच लागू होत नाही, असं मी म्हणेन. मग आपल्याला तरीही कसंनुसं का वाटतं?

याचं उत्तर बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने दिलं आहे. त्याचं म्हणणं असं: खेळ म्हणजे गरज नसलेले अडथळे आपण आपखुशीने अंगावर घेणं. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात जायला हवा एवढंच असतं तर तो हातात घेऊन टाकता आला असता. काठीने, लांबून, वाऱ्यातून तो न्यायचा हा अडथळा आपण मान्य केला म्हणून त्याला खेळ म्हणायचं. तेव्हा एकट्याने खेळताना करार असतो तो स्वतःशी. 'एक्सकॉम' या २०१२ च्या डावपेचांच्या गेममध्ये सैनिकाने गोळी झाडायची आणि चुकली की मागचा सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला डाव, उघडून पुन्हा झाडायची, हा अनेकांचा उद्योग. फिराक्सिसला हे माहीत होतं. त्यांनी गेमचं नशीब सेव्हमध्येच गोठवलं, म्हणजे तीच गोळी पुन्हा झाडली तर पुन्हा तसंच चुकणार. पुढे त्यांनी एक पर्यायही दिला, ज्यात सेव्ह उघडल्यावर नशीब नव्याने ठरतं. शिवाय 'आयर्नमॅन' हा प्रकार होताच: एकच सेव्ह, मागे फिरणं नाही. कोणत्या कराराने खेळायचं ते खेळाडूने आधी निवडायचं. यापेक्षा प्रामाणिक व्यवस्था मला दुसरी माहीत नाही.

पण एकट्याचा खेळ एकट्याचा राहत नाही. जिंकलेल्या नकाशाचा फोटो आपण मित्राला पाठवतो, अचिव्हमेंट, म्हणजे कामगिरीबद्दल गेमने दिलेला बिल्ला, प्रोफाइलवर दिसते. त्या क्षणी समोर पुन्हा माणूस येतो, आणि आपण त्याला काय सांगतो याला महत्त्व येतं. 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' खेळणाऱ्यांना हे चांगलं कळतं. ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होणारा हा गेम. यात दख्खनेतलं एखादं मराठी राज्य घेऊन मराठ्यांचं साम्राज्य उभारता येतं, त्यामुळे आपल्याकडेही त्याचे चाहते आहेत. यात 'थ्री माउंटन्स' नावाची एक अचिव्हमेंट आहे: जपानच्या दक्षिणेचं रयुक्यू हे चिमुकलं बेटांचं राज्य घेऊन सगळं जग जिंकायचं, तेही आयर्नमॅनमध्ये. डीडीआरजेक या नावाने खेळणाऱ्या एका पठ्ठ्याने हे करून दाखवलं, गेमच्या नियमांतल्या फटी अशा काही शोधून आणि वापरून की निर्मात्यांनी तोंडात बोटं घातली. त्याने काही लपवलं नाही. कशी खेळी केली ते सगळ्यांना दाखवलं. पॅराडॉक्स कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं, आणि पुढे त्याच गेमची सूत्रं त्याच्या हाती आली. ज्याला फटी दिसतात त्यालाच त्या बुजवायला बसवलं. याच्या उलट, गुपचूप जुना सेव्ह परत आणून तीच अचिव्हमेंट मिरवणारा माणूस कॉम्प्युटरला नाही, आपल्यासारख्यांना फसवत असतो.

पळवाट चीटिंग नसली तरी वाईट असू शकते, हा मुद्दा मात्र वेगळा ठेवायला हवा, कारण या वादात तो नेहमी मिसळून जातो. 'सिव्हिलायझेशन ४'चे मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी खेळाडूंच्या एका सवयीवर लिहिलं आहे: संधी मिळाली तर खेळाडू फायद्याच्या मागे लागून खेळातली मजाच संपवून टाकतात. जंगलतोडीचं उदाहरण घ्या. या मालिकेच्या तिसऱ्या भागात जंगल तोडलं की शहराच्या कामाला थोडं उत्पादन मिळतं. तोडलेल्या जागी पुन्हा झाडं लावता येतात. मग लावा, तोडा, लावा, तोडा. फायदा खरा, पण प्रत्येक खेळीत डझनभर मजुरांना हेच सांगत बसायचं. कुणालाही हे आवडत नाही, आणि फायदा समोर दिसत असताना सोडवतही नाही. म्हणून एका जागेवरच्या जंगलाचं उत्पादन एकदाच मिळेल असा नियम केला गेला. इथे कुणी कुणाला फसवलं नव्हतं. खेळ कंटाळवाणा होत होता, आणि तो दुरुस्त करणं हे रचनाकाराचं काम होतं. खेळाडूच्या सदसद्विवेकबुद्धीवर ते सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. जिंकण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता सगळ्यात कंटाळवाणा ठेवायचा आणि वर त्या रस्त्याने गेलेल्याला नावं ठेवायची, हे योग्य नाही.

मित्रांच्या गटात खेळणाऱ्यांसाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे आणि बहुतेक गट ती आपोआप करतातही. 'एज ऑफ एम्पायर्स २' लावण्याआधी ठरतं: पहिली वीस मिनिटं हल्ला नाही, शत्रूच्या दारात मनोरे उभारून सुरुवातीलाच गळा घोटायचा नाही. हे गेमच्या नियमांत नसतं. पण ठरल्यावर ते मोडलं तर 'गेमने करू दिलं' म्हणून सुटका नाही. तो रडीचा डावच. आणि काहीच ठरलेलं नसताना कुणी दहाव्या मिनिटाला मनोरे घेऊन आला, तर त्याच्यावर चिडायचा हक्क आपल्याला नाही. हरा, आणि पुढच्या डावाआधी ठरवा. 'सिव्हिलायझेशन'च्या चाहत्यांनी सगळ्यांना एकच नकाशा देऊन स्पर्धा भरवल्या, तेव्हा बंदी असलेल्या पळवाटांची यादी नियमांतच टाकली, ती याच अनुभवातून. यादीत नसलेली नवी पळवाट सापडली तर? मला वाटतं, मोठ्या स्पर्धेत ती आधी पंचांना विचारावी. डावपेच उघड होईल ही भीती खरी आहे, पण ज्या युक्तीबद्दल विचारायलाच आपण घाबरतो, तिची जात आपल्याला बहुधा आधीच कळलेली असते.

अवघड प्रकरण उरतं ते यापलीकडचं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात 'ट्रॅव्हलर' या कागद-फाशांच्या अवकाशयुद्धाच्या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. प्रत्येकाने एक लाख कोटींच्या काल्पनिक रकमेत आपलं आरमार रचायचं. डग्लस लेनाट या संशोधकाने 'युरिस्को' नावाचा एक संगणक प्रोग्राम लिहिला होता. त्याने रात्रीमागून रात्री नियमपुस्तक घुसळून आरमार सुचवलं. बाकीच्यांची जहाजं चपळ आणि देखणी. याचं आरमार म्हणजे लहान, संथ, जाड चिलखताच्या, शस्त्रांनी लादलेल्या जहाजांचा ढीग. लोकांना ते विचित्रच वाटलं असणार, पण ते जिंकलं. पुढच्या वर्षीसाठी आयोजकांनी नियम बदलले. युरिस्कोने नव्या नियमांतही फट काढली: जायबंदी झालेलं जहाज सोबत ओढण्यापेक्षा स्वतःच बुडवायचं, म्हणजे बाकी आरमाराचा वेग टिकतो. १९८२ मध्ये तो पुन्हा जिंकला. तेव्हा आयोजकांनी सांगितलं की हा पुन्हा जिंकला तर स्पर्धाच बंद करू. लेनाट यांनी माघार घेतली.

कुणी काही लपवलं नव्हतं, नियम सगळ्यांना सारखे होते, कुठलाही करार मोडलेला नव्हता. मी वर सांगितलेल्या प्रत्येक कसोटीवर युरिस्को निर्दोष ठरतो. तरी आयोजकांना खलनायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माणसांनी माणसांशी खेळायला उभी केलेली स्पर्धा, जिथे आरमार रचण्यात महिने घालवणं हीच मजा, ती नियमांत फट शोधणारं यंत्र येताच एका हिशेबात निकाली निघते. त्यांना राखायची होती ती स्पर्धा, आणि त्यांच्याजवळ तिच्यासाठी दुसरा कुठलाही नियम उरला नव्हता.